अठ्ठावीस डिसेंबरची मोजणी

१

बेलसावळीच्या नगरपंचायतीतून एकतीस घरं चोरीला गेली. ती अजून बांधलेली नव्हती, हा भाग निराळा. सगळीच्या सगळी एका जाडजूड फाइलीत होती, आणि ती फाइल एकोणीस फेब्रुवारीच्या सकाळी कपाटात सापडली नाही. कपाटाची किल्ली माया इंगळे या लिपिक बाईंच्या ताब्यात होती. म्हणून दुपारपर्यंत त्या निलंबित झाल्या. फाइल शोधण्यापेक्षा हे काम केव्हाही सोपं.

चौकशीसाठी आले देवमन तायडे. अकोल्याचे, निवृत्त नायब तहसीलदार. त्याआधी अकरा वर्षं त्यांनी जुन्या कागदांच्या कोठारात काढली होती. निवृत्तांना सरकार चौकशी अधिकारी नेमतं, कारण त्यांना नियम पाठ असतात आणि दुपारी दुसरं काही काम नसतं. अकोल्याहून गाडीने बडनेरा, अमरावतीहून मोर्शीची बस आणि पुढे ऑटो, एवढं करून तायडे नऊ मार्चला बेलसावळीत उतरले, तेव्हा नगरपंचायतीच्या पायरीवर एक बाई बसलेली होती.

"तुमीच काय ते चौकशीचे सायेब?" तिनं विचारलं. "मी पंचफुला. एकतीस नंबरची."

"एकतीस नंबर म्हणजे?"

"यादीतला नंबर, सायेब. गावात ग्रामपंचायत होती तवा माहा चौथा नंबर होता. घर मंजूर झालं म्हनले, मातीचं घर पाडून जागा रिकामी करा म्हनले. पाडलं. मंग म्हनले, आता गाव नाई राह्यलं, नगरपंचायत झाली. खेड्याची यादी रद्द, शयराची यादी नवी. त्या यादीत मी शेवटची. चार वर्सं झाली, टिनाखाली राह्यतो."

तायड्यांनी मान हलवली. हे त्यांना नवीन नव्हतं. घर एकच, पण जमीन राज्याची, मंजुरी दिल्लीची आणि यादी गावाची. तिघांनी एकाच वेळी हो म्हटलं तर भिंत उभी राहते.

"फाइल सापडली नाई तं?" बाईनं विचारलं.

"एकतीस मार्चपर्यंत जमिनीच्या मोजणीचा नकाशा वर गेला नाही, तर मंजुरी संपते."

"म्हंजे बावीस दिवस," पंचफुला म्हणाली. तिनं आधीच मोजून ठेवले होते.

२

शिपाई नत्थुजींनी चहा आणला आणि न विचारता माहितीही दिली. "किल्ली मॅडमजवळ होती ते कागदावर, सायेब. खरी ते त्या खिळ्याले टांगून राह्यते. अख्ख्या ऑफिसले मालूम हाय."

खिळ्याच्या वरच्या फळीवर लाल फडक्यात बांधलेले बस्ते रांगेनं ठेवलेले होते. ग्रामपंचायतीच्या काळातल्या घरपट्टीचे. तायड्यांचा जीव अशा बस्त्यांत रमायचा. जवळजवळ प्रत्येकाच्या गाठीखाली दोराचं चार बोटं शेपूट सोडलेलं होतं.

"हे तुम्ही बांधले?"

"सगळे मीच. शेपूट सोडलं का उचलाले बरं पडते. पन चार वर्सं झाली, कोनी उचललाच नाई."

मायाबाईंना बोलावून घेतलं होतं. तिशीच्या, शांत, डोळ्यांखाली जागरणाच्या खुणा. त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला.

"सर, फाइल गेली, पण केंद्राच्या पोर्टलवर हे एक पान चढवलेलं आहे. मोजणीचा पंचनामा. सहीचं पान फाइलीत होतं, ते मी कधी पाहिलंच नाही."

तायड्यांनी वाचलं: 'आज दिनांक २८ डिसेंबर रोजी जागेवर जाऊन मोजणी केली. जागा मोकळी आहे. अतिक्रमण नाही. उत्तरेस सूर्यभान ढोमणे यांची संत्रा बाग असून बागेत ओलीत चालू असल्याने पाय रुतत होते, सबब उत्तर बाजू पावलांनी मोजली. एकतीस भूखंड बसतात.'

"तुम्ही गेला होतात मोजणीला?"

"नाही सर. मी रजेवर होते. शेंदूरजनाघाटला, माहेरी. मावसबहिणीचं लग्न होतं. बाबांचा तिथं संत्र्याचा व्यापार आहे, सगळं गाव लग्नाला होतं, कोणालाही विचारा."

"मग हे लिहिलं कोणी?"

"पोर्टलचा पासवर्ड कॉम्प्युटरलाच चिकटवलेला आहे, सर. कोणीही लिहिलं असेल."

तायड्यांनी वळून पाहिलं. खरंच होता, पिवळ्या चिठ्ठीवर. त्यांनी आवक नोंदवही उघडली आणि त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. अठरा फेब्रुवारी, जिल्ह्याचं पत्र: 'मोजणीची मूळ कागदपत्रं भूमापकाच्या शिक्क्यासह सात दिवसांत सादर करावीत.' फाइल गेली ती त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

३

जागा गावाच्या उत्तरेला होती. सरकारी पडीक, वऱ्हाडात जिला ई-क्लास म्हणतात ती. पंचफुला वाट दाखवायला आली. पडीक जमीन जिथं संपायला हवी त्याच्या बरंच अलीकडे संत्र्याची झाडं सुरू झाली होती. पाकळ्या गळून गेलेल्या, फांदीफांदीवर हरभऱ्याएवढी हिरवी फळं.

बागेचे मालक सूर्यभान ढोमणे बांधावर उभेच होते.

"तुमच्या दोन ओळी सरकारी जागेत आहेत असं गाव म्हणतं," तायड्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"गाव काईबी म्हनते. वीस वर्सांत मोजाले कोन आलं? मोजल्याबिगर कसं समजते कोनाची?"

"अठ्ठावीस डिसेंबरला आले होते म्हणतात."

"अठी? कुत्रंबी आलं नाई." सूर्यभान मिशीत हसले. "पन त्या कागदात अतिक्रमन नाई असं लिवलं हाय म्हंतात. मंग मी कायले फाइल चोरीन, सायेब? मी तं ते फाइल फ्रेम करून देव्हाऱ्यात ठेवीन."

हे म्हणणं बिनतोड होतं. ज्याच्या बाजूनं कागद आहे तो कागद पळवत नाही. तायड्यांना हा माणूस आवडला नाही, पण त्याचं नाव त्यांना संशयितांच्या यादीतून खोडावंच लागलं.

परत येताना त्यांनी पंचफुलाला विचारलं, "डिसेंबरात इथं कोणी मोजणीवाले तुम्हाला दिसले?"

"मी नोती ना इथं. दरसाली सूर्यभानभाऊच्या बागेत तोडीले असतो. फक्त आंबिया बहार घेतात हे. तोड झाली का बाग तानावर, मंग दीड-दोन मयने बागेत कोनाले काम नसते. मी तवा कापूस येचाले जातो."

तायड्यांनी ते लिहून घेतलं, कारण ते सगळंच लिहून घेत. त्यात काय दडलंय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

४

नगराध्यक्ष वामनराव संत्र्याचे जुने आडते. बोलणं रोखठोक. "मले त्या जागेवर दुकानाचे गाळे पायजे होते. लपवत नाई. सभेत विरोध केला, ठरावात माहा विरोध लिवून घेतला. फाइल गेली तं माहं भलंच झालं, असं म्हना पाह्यजे तं."

"मग संशय तुमच्यावरच येतो."

"येऊ द्या. पन निवडनूक तोंडावर हाय, अन् एकतीस घरं म्हंजे शंभर मतं. फाइल गेल्यापासून लोक माह्याच दारात येऊन बसून राह्यले."

मोजणीला गेला होतात का, या प्रश्नावर ते म्हणाले, "मले कोनी बलावलंच नाई. इंजिनिअरनं केली असंन."

इंजिनिअर शिवम भारसाकळे. वय सत्तावीस, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, एकटा चार गावांच्या घरकुलांचं काम पाहणारा. बोलता बोलता तो अकोल्याचा निघाला, म्हैसांगच्या वाटेवरचा. वडिलांचा गहू आणि हरभरा. तायड्यांना बरं वाटलं. परमुलखात आपल्याकडचं माणूस भेटलं की वाटतं तसं.

"सर, मी मोजणीला गेलो नव्हतो," शिवम म्हणाला. "त्या दिवशी दुसऱ्या गावात होतो. माया मॅडमनं पाहणी करून हातानं लिहून आणलं, मी फक्त टाइप करून पोर्टलवर चढवलं. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. पण मॅडमची नोकरी जाईल म्हणून बोललो नाही."

पोराच्या कपाळावर घाम होता. मार्च महिना होता, त्यामुळे घामाचा अर्थ काहीही लावता आला असता.

तायड्यांना वाईट वाटलं. मायाबाईंचा चेहरा त्यांना खोट्या माणसाचा वाटला नव्हता. पण चेहऱ्यावरून अहवाल लिहिता येत नाही. रजेवरून एवढंच ठरत होतं की त्या जागेवर गेल्या नव्हत्या; न जाता लिहिणं माहेरी बसूनही जमतं. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दासमोर उभा होता. ज्याने खोटा पंचनामा लिहिला त्यालाच जिल्ह्याचं पत्र जड गेलं आणि त्यानंच फाइल हलवली, एवढं पक्कं होतं. दोघांपैकी कोण, हे मात्र कागद सांगत नव्हता.

निदान तायड्यांना तरी तसं वाटलं. संध्याकाळच्या गाडीनं ते अकोल्याला परतले.

५

सकाळी ते गांधीग्रामच्या बाजूला भावाच्या शेतावर गेले. गहू कापणीला आला होता. भाऊ सहज म्हणाला, "यंदा डिसेंबरात लाइन राह्यली नाई, एक पानी हुकलं. दाना बारीक झाला पाह्य."

तायड्यांनी बांधावरच खिशातली वही काढली.

डिसेंबरात शेतात पाणी असतं, हे त्यांना जन्मापासून माहीत होतं. म्हणूनच पंचनाम्यातली पाय रुतल्याची ओळ त्यांनी तीनदा वाचली आणि तीनदाही तिच्यात काही वावगं दिसलं नाही. पंचफुलाचं बोलणं त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात पडून होतं. स्वतःचा इतका राग त्यांना बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

अकरा मार्चला त्यांनी चौघांनाही नगरपंचायतीच्या सभागृहात बोलावलं. मायाबाई, सूर्यभान, वामनराव, शिवम. दाराशी नत्थुजी, आणि नत्थुजींच्या मागे कोणी न बोलावलेली पंचफुला. प्रत्येकापुढे एकेक कोरी चिठ्ठी ठेवली.

"मी अकोल्याकडचा माणूस. मले संत्र्यातलं काही समजत नाही," तायडे म्हणाले. "एकच विचारतो. आंबिया बहाराची बाग आहे. डिसेंबरात पाणी किती दिवसांआड द्यावं? लिहून द्या. एकमेकांचं पाहू नका."

"हे काय शाळा लावली का?" वामनराव कुरकुरले, पण त्यांनी लिहिलं.

तायड्यांनी चिठ्ठ्या उघडून वाचल्या.

सूर्यभान: 'पानी बंद.' वामनराव: 'झाड तानावर अस्ते. पानी देनाराले हाकलावं.' मायाबाई: 'डिसेंबर ते पंधरा जानेवारी पाणी देत नाहीत. ताण दिल्याशिवाय फूल येत नाही.'

चौथी चिठ्ठी त्यांनी जरा वेळ हातात धरली. 'आठ ते दहा दिवसांनी.'

सूर्यभान आधी मोठ्यानं हसले आणि मग वळून शिवमकडे पाहू लागले.

६

"सूर्यभानजींच्या झाडांवर आज हरभऱ्याएवढी फळं आहेत," तायडे म्हणाले. "म्हणजे बहार आंबिया, जानेवारीच्या शेवटी फुलणारा, आणि डिसेंबरात ही बाग ताणावर, पाण्याविना. अठ्ठावीस तारखेला तिथं जमिनीला भेगा असणार. पाय रुतायचा प्रश्नच नाही. तिथं न जाता कोणीतरी टेबलावर बसून तो चिखल लिहिला. आपण गेलो होतो हे खरं वाटावं म्हणून एक तपशील जास्त घातला. संत्र्याच्या व्यापाऱ्याची मुलगी हे लिहिणार नाही. आडत्या लिहिणार नाही. बागवाला तर नाहीच. गव्हाच्या मुलखातला माणूसच डिसेंबरात ओलीत लिहील. मीही तेच लिहिलं असतं."

"चिठ्ठी म्हणजे पुरावा नाही," शिवम म्हणाला.

"नाही. नत्थुजी, फळीवरचा डावीकडून पाचवा बस्ता आणा. तो सोडला तर सगळ्या बस्त्यांना शेपूट आहे. त्याची गाठ बुटाच्या लेससारखी मारलेली आहे. सरकारी ऑफिसात फाइल जाळायची कोणाची छाती होत नाही. ती चुकीच्या गठ्ठ्यात बांधतात. मीच अशा किती तरी सोडवल्या आहेत."

नत्थुजींनी बस्ता टेबलावर ठेवला. घरपट्टीच्या पिवळ्या कागदांमध्ये एकतीस घरांची फाइल होती. पंचनाम्याच्या दुसऱ्या पानावर सह्यांच्या चार जागा. तीन कोऱ्या. एकीवर शिवमची सही.

शिवमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो बोलला, तेव्हा भाषा थेट घरची होती. "सर, चार गावं आहेत माह्याकडं. एकतीस डिसेंबरपर्यंत मोजणी झाली नाही तं योजनाच रद्द, असं पोर्टलवर लाल अक्षरात येऊन राहिलं होतं. राज्याचा दिवसातून तीनदा फोन. संध्याकाळपर्यंत लालचं हिरवं करा. इकडं भूमापकाचा नंबर दोन महिन्यांनी. मी ते पान टाकलं नसतं तं ही घरं डिसेंबरातच गेली असती. मंग खरी मोजणी करून घेऊ म्हटलं. तेवढ्यात शिक्क्याचं पत्र आलं. मी भ्यालो."

"अन् मॅडमवर ढकललं," नत्थुजी म्हणाले.

शिवमनं मायाबाईंकडे पाहिलं नाही. मायाबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना रडू येत होतं आणि ते त्या लपवत नव्हत्या.

वामनराव खुर्ची ओढून पुढे सरकले. "सायेब, एक सांगू? मोजनी खोटी होती हे वर कळलं तं मंजुरीच जाईन. अहवालात फाइल सापडली एवढंच लिवा. घरं वाचतीन."

दारातून पंचफुला आत आली होती. तायड्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना क्षणभर वामनरावांचं पटलं. खोट्यानं डिसेंबरात घरं वाचवली होती, मार्चमध्येही वाचवली असती. मग त्यांना सूर्यभानच्या दोन ओळी आठवल्या. पावलांनी मोजलेल्या जागेत एकतीस घरं बसतात हे कोणी पाहिलं होतं? बसली नाहीत तर सुटणार होता तो शेवटचा नंबर.

"लिहिणार सगळं," ते म्हणाले. "पण आधी मोजणार."

७

तालुक्याच्या भूमापकानं दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. तायडे तयारीनंच गेले होते. "ही मोजणी घरांसाठी नाही," ते म्हणाले. "चौकशीच्या पुराव्यासाठी आहे. चौकशी अधिकाऱ्याच्या पत्राला रांग नसते." भूमापकानं नियम काढून पाहिला. नव्हती.

तेरा मार्चला सकाळी यंत्र लागलं. अर्धं गाव जमलं. दुपारपर्यंत हद्दीचा खुणेचा दगड सापडला तो सूर्यभानच्या बागेत, बावीस झाडं, म्हणजे दोन ओळी, अलीकडे सोडून. एकतीस घरं बसत होती, पण त्या दोन ओळी धरूनच. झाडांपर्यंतच हद्द धरली असती तर अठ्ठावीसच बसली असती.

"फळं हायेत झाडाले," सूर्यभान म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. "दिवाळीपर्यंत तरी..."

पंचफुलानं शेवटच्या खुंटीपाशी जाऊन पाहिलं. तिच्या जागेच्या कोपऱ्यात एक झाड येत होतं. "बाकीचं मले नाई मालूम, भाऊ," ती म्हणाली. "हे एक राहू द्या. मी अंगनात घेतो."

शिक्क्याचा नकाशा आणि त्याच्या वर तायड्यांचा अहवाल, दोन्ही एकाच पाकिटात राज्याकडे आणि तिथून दिल्लीकडे गेले. पंचनामा खोटा, तो शिवम भारसाकळे यांनी लिहिला, माया इंगळे निर्दोष, खरी मोजणी तेरा मार्चची. शिवमचं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. मायाबाई कामावर परतल्या आणि पहिल्या दिवशी त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

एकोणतीस मार्चला वरून उत्तर आलं. ते वाचायला तायडे मुद्दाम अकोल्याहून आले. उत्तर दोन ओळींचं होतं: 'आमच्या नोंदीनुसार सदर मोजणी २८ डिसेंबर रोजीच पूर्ण झाली आहे. मंजुरी कायम आहे, पुन्हा कागदपत्रं पाठवू नयेत.'

अहवालाबद्दल एक अक्षर नव्हतं. तो कोणी उघडलेलाच नव्हता.

तायडे कागदाची घडी करत उठले. मग बाहेर आले. पंचफुला पायरीवर होती.

"घरं आली?"

"आली."

"मंग तुमी असे काहून दिसून राह्यले?"

त्यांनी तिला उत्तर वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकलं. "म्हंजे कागदावर डिसेंबरातलीच मोजनी राह्यली?"

"हो."

"अन् जमिनीवर?"

"जमिनीवर तेरा मार्चची. तुमच्यासमोर खुंट्या रोवल्या ती."

पंचफुला उठली. पदर झटकला. "चालते," ती म्हणाली. "मले जमिनीवर राह्यचं हाय."